हिराजी तात्यांचं परराष्ट्र धोरण

जगातला कुठलाही तह शिकवायला घ्या, शेवटच्या बाकावरून हिराजी तात्यांचा हात वर होणारच. दोन देशांचं भांडण, त्यांची सैन्यं, करारातली कलमं असं सगळं मी फळ्यावर मांडून घाम पुसत असते आणि तात्या उभे राहून विचारतात, "मॅडम, ते सगला बराबर हाय. पन पयला कोन बोलला?"

"म्हणजे?"

"म्हंजे दोगांचा बोलना बंद व्हता ना? मंग एक दिवस चालू झाला. तं पयला तोंड कोनी उघडला?"

हे पुस्तकात नसतं. पुस्तकात 'उभय पक्षांनी चर्चेची तयारी दर्शवली' असं असतं. तात्यांना ते साफ नामंजूर. "दोगं एकदम कशे बोलतील, मॅडम? एकाच टायमाला दोगांना उचकी लागते का?" वर्ग हसतो. तात्या हसत नाहीत. पेनाचं टोपण काढून ते उत्तराची वाट बघत तसेच उभे राहतात आणि मी "बसा हं तात्या, पुढे येईल ते" असं म्हणून वेळ मारून नेते. पुढे काही येत नाही.

तात्यांचं वय अठ्ठावन्न. वर्ग बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. तात्या कोनगावचे, खाडीकाठचे पिढीजात शेतकरी. भाताच्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली आणि तात्यांना दिवसभर करण्यासारखं काही उरलं नाही. तरुणपणी बारावी झाले होते, तेवढ्या भांडवलावर दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या कॉलेजात हजर झाले. पांढरा शुभ्र शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची चेन आणि पाठीला नातवाची जुनी, अस्वल छापलेली शाळेची बॅग. शिपायाला वाटलं, कोणी नगरसेवक तपासणीला आला. त्याने खुर्ची पुसून दिली. तात्या बसले नाहीत. "मी विद्यार्थी हाय," म्हणाले, आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

आता बी.ए.ला एक मुख्य विषय असतो आणि जोडीला एक मायनर, म्हणजे धाकटा विषय. आमच्याकडे 'जागतिक अभ्यास' हा मायनर सुरू झाला तो काही जगाच्या ओढीने नव्हे. माझे तास कमी भरत होते. मी राज्यशास्त्राची. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही जग घ्या. बाकीचं सगळं वाटून झालंय." माझा परदेश म्हणजे एकदा नेपाळ, तोही यात्रा कंपनीबरोबर, आणि त्यातले निम्मे दिवस पोट बिघडून खोलीत काढलेले. पण घेतलं जग. नोकरीच आहे शेवटी.

मायनर निवडायच्या दिवशी मुलांची सगळी झुंबड पर्यटनाकडे, कारण त्यात सहल असते. माझ्या टेबलासमोर चिटपाखरू नव्हतं. तात्या आले, चष्मा वर सरकवून अभ्यासक्रम वाचला आणि विचारलं, "यात भांडना मिटवायचा धडा हाय का?"

"आहे. दुसऱ्या वर्षाला."

"मंग लिवा माजा नाव."

गावात मोठा माणूस आहे, चार घरच्या कुरबुरी मिटवत असेल, उद्या निवडणुकीला उभा राहील, असा मी आपला अंदाज बांधला. माणसं ओळखण्यात मी कच्चीच आहे. आमचे हे तर म्हणतात, त्याचा पुरावा घरातच आहे.

आमचं कॉलेज भिवंडीतलं, वर्गाच्या मागेच निजामपुऱ्यातल्या लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालतात. खिडकी उघडी ठेवली की माझा आवाज पोचत नाही आणि लावली की जीव गुदमरतो. त्या खटखटीतही तात्यांना सगळं ऐकू जायचं, आणि ऐकलेलं ते नुसतं लिहून घ्यायचे नाहीत, लगेच वापरायला काढायचे. दोन मुलींचं बाकावरून वाजलं. एक इकडे ओढतेय, दुसरी तिकडे. तात्या उठले आणि दोघींच्या मधे जाऊन बसले.

"आथा यो बफर स्टेट हाय," त्यांनी जाहीर केलं.

"तात्या, थोडा सरको ना, बोर्ड नहीं दिखता," त्यातली एक म्हणाली.

"बफर स्टेट को सरकने का अधिकार नहीं होता, बेटा."

तास संपेपर्यंत हलले नाहीत. पोरींनी तिसऱ्याच बाकावर जाऊन समेट केला.

कॅन्टीनवाल्याने त्यांच्या चहात साखर घालायची बंद केली. मी कारण विचारलं तर तात्या खिन्नपणे म्हणाले, "निर्बंध लागलेत माज्यावर. ठान्यावरून." म्हणजे ठाण्याला राहणाऱ्या सुनेने कॅन्टीनमध्ये फोन केला होता. मग चोरून एक पेढा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "यो तस्करीचा मार्ग." 'अलिप्तता' शिकवली त्या आठवड्यात गावातल्या एका लग्नात मानाच्या टोपीवरून दोन व्याही हातघाईवर आले, तेव्हा लोकांनी तात्यांना मधे पडायला बोलावलं. तात्या गेले, दोन्हीकडे जेवले आणि एक शब्द न बोलता घरी आले. "अलिप्त व्हतो," असं मला दुसऱ्या दिवशी अभिमानाने सांगितलं. दोन्ही व्याही आजही त्यांच्यावर नाराज आहेत.

त्यांचं खरं परराष्ट्र प्रकरण मला कळलं ते दीपालीकडून. दीपाली म्हणजे तात्यांची पुतणी, त्यांचे थोरले भाऊ गजाननदादा यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी माझ्याच हाताखालून बी.ए. झाली. बाजारात भेटली आणि म्हणाली, "मॅडम, माझं लग्न ठरलंय. पण घरात शांतता नाहीये. काकांमुळे."

दोघा भावांचे बंगले शेजारी शेजारी, मधे एकच सामाईक अंगण. सात वर्षांपूर्वी तात्यांच्या गोडाऊनला आलेला एक ट्रक त्या अंगणात वळवताना मागे आला आणि गजाननदादांच्या दारातलं तुळशीवृंदावन जमीनदोस्त झालं. दादांच्या बायकोने केलेली पूजा अजून ताजी होती. दादा म्हणाले, "वहिनीला चुकला म्हन." तात्या म्हणाले, "चुकला तं ड्रायव्हर, मी कनाला म्हनू?" एवढंच. दुसऱ्या दिवशी दादांनी अंगणाच्या मधोमध लोखंडी साखळी लावली. मधल्या काळात तात्यांची बायको गेली. दादा खांदा द्यायला आले, पण साखळी ओलांडून नाही, रस्त्याने वळसा घालून. खांदा दिला आणि न बोलता तसेच वळसा घालून परत गेले. पुढे मुलगा-सून ठाण्याला गेले आणि तीन मजली बंगल्यात तात्या एकटे राहिले. संध्याकाळी गॅलरीत बसले की खाली साखळी दिसते आणि पलीकडे भावाच्या घरातला दिवा.

"आणि आमच्या घराण्यात मांडवाची मेढ चुलता रोवतो," दीपाली म्हणाली. "मला सख्खा चुलता एकच आहे. बाबा म्हणतात, लांबच्या नात्यातला कुणीतरी आणू. काका बोलवल्याशिवाय यायचे नाहीत आणि बाबा बोलवायचे नाहीत. मग माझी मेढ कोण रोवणार?"

त्यानंतर वर्गात तात्यांनी "पयला कोन बोलला?" विचारलं की मला हसू येईना. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस अस्वलाची बॅग लावून कॉलेजात येतो तो एवढं एक विचारायला, हे समजल्यावर मला त्यांची फार माया वाटू लागली. मी ग्रंथालयातून तहांवरची जाडजूड पुस्तकं काढून खरोखर शोधलंही. कोणत्याच देशाने ते लिहून ठेवलेलं नाही. लाज वाटत असणार.

नेमकं त्याच महिन्यात मी 'विश्वासवर्धक उपाय' हा भाग शिकवला. म्हणजे वैर असलेल्या देशांनी एकदम मोठ्या वाटाघाटी न करता आधी छोट्या छोट्या सदिच्छा दाखवायच्या, खेळाडू पाठवायचे, सणाला मिठाई पाठवायची, वगैरे. तात्यांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. मला तिथेच संशय यायला हवा होता.

गजाननदादांचा वाढदिवस जवळ आला होता. आता कोनगावात वाढदिवस म्हणजे नाक्यावर फ्लेक्स. मधे उत्सवमूर्ती गॉगल लावून, मागे सिंह किंवा समुद्र, आणि खाली शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे, एकमेकांना खेटून. पण तात्यांना असला उथळपणा नको होता. "दादा वयाचा मानूस हाय. साधा ठेव, सफेद ठेव, इज्जतदार ठेव," असं त्यांनी फ्लेक्सवाल्याला बजावलं. फोटो त्यांच्याकडे एकच होता, जुन्या काळचा, काळापांढरा, ज्यात दादा कॅमेऱ्याकडे रागाने बघतायत. भोवती झेंडूची नक्षी. शुभेच्छुक म्हणून स्वतःचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता, कारण, त्यांच्याच शब्दांत, "पडद्यामागची बोलनी" होती. आणि शुभेच्छांचा मजकूर अगदी बारीक, तळाला. मोठी अक्षरं राजनैतिक भाषेला शोभत नाहीत.

सकाळी कल्याण-भिवंडी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षातून तो फ्लेक्स दिसला. पांढरी पाटी, काळापांढरा एकटा चेहरा, चहूबाजूंनी फुलं. बारीक मजकूर कुणी वाचतंय? गजाननदादा गेले, हे तासाभरात पार कामतघरपर्यंत पोचलं.

दादा दाढी करून वाढदिवसाच्या शिऱ्याची वाट बघत बसले होते. पांढऱ्या कपड्यातली माणसं दारात जमायला लागली. दादांची मावशी रस्त्यापासूनच गळा काढत आली आणि दार उघडायला दादाच आले. मावशीने त्यांना कवटाळलं, "गजा रं, कसा गेलास रं!" म्हणाली आणि मग अर्ध्यावर थांबून चष्मा पुसू लागली. मुलाकडच्यांचा फोन आला, लग्न पुढे ढकलायचं का म्हणून. तो मात्र दीपालीने घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

कुणी हे केलं असेल ते दादांना सांगावं लागलं नाही; तो जुना फोटो दुसऱ्या कुणाकडे नव्हताच. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी ऐकवणं बंद नसतं. दादा साखळीपाशी येऊन उभे राहिले आणि स्वतःच्या बायकोकडे तोंड करून तात्यांच्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मना जिताजी मारला! मांडवाच्या तोंडावर मारला! आथा कोन बोलवतो बगतो मी!"

दुसऱ्या दिवशी तात्या वर्गात आले ते बफर स्टेटपेक्षाही गप्प. तास संपल्यावर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, विश्वासवर्धक उपाय उलटला तं काय करायचा?"

"थोडे दिवस थांबायचं," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"देश तर पन्नास पन्नास वर्षं थांबतात."

"त्यांना वय नसता ना," तात्या म्हणाले आणि बॅग पाठीला लावून गेले.

पत्रिका वाटल्या गेल्या. सगळ्या गावाला अक्षत गेली, साखळीपलीकडच्या बंगल्यात गेली नाही. मग तात्यांनी स्वतःच गावात सांगायला सुरुवात केली, "मना मांडवाला जमनार न्हाय हां. माजा पेपर हाय त्या दिवशी." कुणी न विचारता सांगायचे. पानवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलं. बोलावलं नाही असं कुणी म्हणायला नको, म्हणून परीक्षा. माझ्या मायनरचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

आदल्या दिवशी दीपालीचा फोन आला. "मॅडम, काकांचा उद्या खरंच पेपर आहे? का उगाच सांगतायत?"

"खरंच आहे. जागतिक अभ्यासाचाच."

"कधी सुटतो?"

"एक वाजता," मी सांगितलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला.

परीक्षेच्या सकाळी पहारा माझाच होता. तात्या आले आणि सगळा वर्ग अत्तराने भरून गेला. नवा कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, बोटात अंगठ्या. परीक्षेला असं नटून कुणी येतं? त्यांनी पेपर घेतला, कपाळाला लावला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मुलं लिहीत होती. लूम खटखटत होत्या. तात्यांनी बऱ्याच वेळाने पहिली ओळ लिहिली.

आणि मग दारात एक गृहस्थ उभे राहिले. तात्यांसारखंच नाक, तात्यांसारखीच चेन, कपाळावर ओलं कुंकू, पायात घाईघाईत चढवलेल्या दोन वेगळ्या जोडांच्या चपला. ते कोण हे मला सांगावं लागलं नाही. मी बाहेर गेले.

"हिराजी हाय का इथं?"

"आहेत. बोलावू का? वेळेआधी पेपर देऊन उठता येतं."

"नको नको," गजाननदादा एकदम मागे सरले. "लिवू द्या त्याला. मी बसतो."

"पण मेढीचा मुहूर्त?"

"भटजी चा पितो हाय. पिऊ दे अजून एक." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी पाटावर बसली हाय. काका न्हाय तं मेढ न्हाय, म्हनते. तसा मी येनारच व्हतो." आणि बाहेरच्या बाकावरची धूळ झटकून ते बसले.

मी आत आले तर तात्यांनी खिडकीतून त्यांना बघितलेलं होतं. मला वाटलं, आता उठतील. तात्यांनी हात वर केला. "मॅडम, पुरवनी."

आजवर कधी त्यांनी पुरवणी मागितली नव्हती. उत्तरपत्रिकेची निम्मी पानं कोरीच राहायची. मी दिली. थोड्या वेळाने पुन्हा हात. "मॅडम, अजून एक." मान खाली घालून ते लिहीतच सुटले. सात वर्षं ज्याची वाट बघितली तो बाहेर बाकावर येऊन बसला होता, आणि तात्यांना बाहेर जायची भीती वाटत होती.

घंटा झाली. मुलं उठली, गेली. तात्या पुरवण्यांच्या दोऱ्याला गाठीवर गाठ मारत बसले.

"तात्या, द्या आता."

"मॅडम, त्यो बसलाय भायेर."

"मघापासून बसलेत."

"काय बोलू मी त्याच्याशी? दोन वर्सं शिकलो ना तुमच्याकडं? सांगा ना."

माझ्याकडे आख्खा अभ्यासक्रम होता आणि त्यांना द्यायला त्यातलं एक वाक्य नव्हतं. "काही बोलू नका," मी म्हटलं. "नुसते बाहेर चला." आणि अस्वलाची बॅग मीच उचलली.

आम्ही दारात आलो तसे गजाननदादा उभे राहिले. दोघेही एकमेकांच्या पायांकडे बघत होते. फाटकाशी आया उभ्या होत्या, आपापल्या लेकीला गाठून परीक्षेच्या दिवशी विचारतात ते विचारत होत्या. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग धाकट्या भावाकडे.

"पेपर कसा गेला रं, हिरा?"

तात्यांनी आजवर चार परीक्षा दिल्या. प्रत्येक पेपरानंतर एकटेच रिक्षात बसून कोनगावला गेले आणि कुलूप उघडून आत शिरले. हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

"कठीन व्हता, दादा," ते म्हणाले आणि भर व्हरांड्यात, नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसत, लहान मुलासारखे रडायला लागले. "दादा, त्या तुलशीचा..."

"ते मना नको सांगू. वहिनीला सांग. मांडवान उबी हाय वाट बगत." दादांनी माझ्या हातातली बॅग घेतली, अस्वलाकडे एकदा नीट बघितलं आणि आपल्या खांद्याला अडकवली. "फुडचा पेपर कवा हाय?"

"सोमवारी."

"मी येन संगती. आथा चल, मेढ रोवायची हाय."